वारा कुठून येतोय, ते आधी पाहा

आपल्या वस्त्यांची यादी करायला बसले तर निम्म्या नावांच्या शेजारी एखाद्या औद्योगिक वसाहतीचे नाव लिहावे लागते. महाड, रोहे, लोटे-परशुराम, तळोजा, रसायनी, तारापूर, अंबरनाथ, डोंबिवली. मुंबईत चेंबूर-माहूल आणि शिवडी. या वसाहतींमुळे अनेक घरांत महिन्याचा पगार आला, मुले शिकली, कौलांच्या जागी स्लॅब पडला. जिथे कारखाना नाही तिथे महामार्ग आहे आणि त्यावरून रात्रंदिवस टँकर जातात. बंदराच्या गावी मासळीसाठी बर्फाचे कारखाने आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी थंडावा अमोनियाने तयार होतो. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात क्लोरीनचे सिलिंडर असतात. म्हणजे आपल्यातले फार थोडे लोक असे आहेत, ज्यांच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर घातक रसायन कधीच नसते.

आग लागली तर काय करायचे हे लहान मुलेही सांगतात. पूर आला की सामान माळ्यावर चढवायचे हे महाड-चिपळूणच्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. पण मध्यरात्री डोळे चुरचुरायला लागले, घशात आग झाली, बाहेर लोक ओरडत पळताना ऐकू आले, तर आपण काय करू? दार उघडू की बंद करू? पळू की थांबू? या महिन्याचे सदर आम्ही या एका प्रश्नाला दिले आहे, कारण त्याचे उत्तर त्या क्षणी शोधायला वेळ मिळत नाही.

भोपाळची ती रात्र

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या एका टाकीत पाणी शिरले आणि आतले मिथिल आयसोसायनेट तापून सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. कारखान्याच्या भिंतीला लागूनच गरिबांच्या वस्त्या होत्या आणि पुढे जुने भोपाळ. हजारो लोक मेले. सरकारी हिशेबानेच पाच लाखांहून अधिक लोकांना इजा झाली. यातले पुष्कळ आपल्या वाचकांना माहीत आहे. आम्हाला आज त्या रात्रीच्या तीन गोष्टींकडे लक्ष वेधायचे आहे.

पहिली गोष्ट. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. लोकांना जाग आली ती खोकल्याने. दार उघडून ते रस्त्यावर आले आणि गर्दी जिकडे पळत होती तिकडे पळाले. गर्दी पुष्कळदा वायूबरोबरच, वाऱ्याच्या दिशेने पळत होती. पळताना श्वास जोरात चालतो, म्हणून वायू अधिक आत गेला. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत राहणारा. त्यामुळे उंचीने लहान असलेल्या मुलांना तो जास्त बाधला.

दुसरी गोष्ट. कारखान्यात त्या पाळीला असलेल्या बहुतेक कामगारांचा जीव वाचला. वायूच्या सर्वांत जवळ तेच होते. पण वारा कुठून कुठे वाहतो आहे हे पाहून कोणत्या बाजूला जायचे, एवढे त्यांना माहीत होते. तेवढी एक माहिती भिंतीच्या आत होती आणि भिंतीच्या बाहेर नव्हती. तोंडावर ओले फडके धरा, दारे-खिडक्या लावा, एवढे दोन शब्द वस्तीला आधी सांगितलेले असते तर कितीतरी घरांतली माणसे वाचली असती.

तिसरी गोष्ट. हमीदिया रुग्णालयात माणसांची रांग लागली तेव्हा डॉक्टरांना हा वायू कोणता, त्यावर उपचार काय, हे ठाऊक नव्हते. ते डोळ्यांत औषध घालत होते आणि अंदाजाने इलाज करत होते.

धोक्याची चाहूल नव्हती असेही नाही. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकात शहराला इशारे दिले. ते फारसे कुणी मनावर घेतले नाहीत. आणि त्या रात्री भोपाळ स्टेशनवर कामावर असलेले गुलाम दस्तगीर यांनी वरून हुकूम येण्याची वाट पाहिली नाही. फलाटावर उभी असलेली, प्रवाशांनी भरलेली गाडी त्यांनी वेळेआधीच पुढे काढली आणि शेजारच्या स्टेशनांना गाड्या भोपाळकडे सोडू नका असे कळवले. स्वतः मात्र ते वायूतच थांबले आणि पुढे त्याचा त्रास आयुष्यभर भोगला. एका माणसाला आपले काम नीट माहीत असले आणि त्याचे डोके ठिकाणावर राहिले, तर किती जीव वाचतात हे त्यांच्याकडून शिकावे.

भोपाळ जुने झाले म्हणावे, तर १४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात वर्षानुवर्षे पडून असलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमजवळच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ वस्तीत पसरली आणि बारा माणसे गेली. लॉकडाऊनमुळे कारखाना बंद होता, तरी टाकीतले रसायन तापत राहिले. तिथेही भोंगा वाजला नाही. वेळ पहाटे तीनच्या सुमाराची. भोपाळही मध्यरात्रीनंतरचे. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, वायू वर न जाता जमिनीलगत रेंगाळतो आणि माणसे झोपेत असतात. म्हणून आपली तयारी रात्रीचा विचार करूनच करायला हवी. दिवा नाही, चष्मा सापडत नाही, घरात एकटी बाई आणि तीन मुले, अशी वेळ डोळ्यांसमोर आणून.

थांबायचे की निघायचे

नियम साधा आहे. वायूचा ढग आधीच दारात आला असेल, तर घराबाहेर पडू नका. ढग अजून दूर आहे, पोलीस किंवा अग्निशमन दलाने निघायला सांगितले आहे आणि रस्ता मोकळा आहे, तरच निघा.

घरात थांबायचे असेल तेव्हा:

सगळी दारे-खिडक्या लावा. पंखे, कूलर, एसी आणि स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा बंद करा. चूल किंवा गॅस विझवा. जिथे सर्वांत कमी खिडक्या आहेत आणि जी वाऱ्याच्या बाजूला नाही, अशा एका खोलीत सगळ्यांना घ्या. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबून बसवा, खिडकीच्या फटींवर रुंद चिकटपट्टी लावा. क्लोरीनसारखे वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतात, म्हणून वरचा मजला असेल तर वर जा. तळघरात किंवा खड्ड्यासारख्या जागी कधीही लपू नका. ओढणी, टॉवेल, रुमाल पाण्यात भिजवून नाका-तोंडावर धरा. अमोनिया आणि क्लोरीन पाण्यात विरघळतात, त्यामुळे ओले फडके काही प्रमाणात आडोसा देते. ते मास्कची जागा घेत नाही, आणि प्रत्येक वायूला थोपवत नाही. पण मदत येईपर्यंतची काही मिनिटे त्याने मिळू शकतात.

जुन्या कौलारू घरात मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. कौलांमधून हवा सगळीकडून येते. अशा घरातल्यांनी आजच शेजारच्या स्लॅबच्या घराशी बोलून ठेवावे, की अशी वेळ आली तर आम्ही तुमच्या आतल्या खोलीत येऊ. हे मागताना संकोच वाटू नये. आपल्याकडे मयतीला आणि लग्नाला शेजाऱ्याचे घर आपलेच असते, मग जीव वाचवायला का नको?

बाहेर पडायचे असेल तर आधी वारा पाहा. मस्जिदीवरचे किंवा दर्ग्यावरचे निशाण, माडाच्या झावळ्या, चुलीचा धूर, दोरीवरचे कपडे, यांवरून वाऱ्याची दिशा कळते. रात्री काहीच दिसत नसेल तर ओले बोट वर धरा, ज्या बाजूला गार लागेल तिकडून वारा येतो आहे. ढगाच्या पुढे पुढे पळू नका, कारण वारा तुमच्यापेक्षा वेगाने जातो. वाऱ्याला आडवे, म्हणजे डाव्या किंवा उजव्या हाताला चालत ढगाच्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग वारा जिकडून येतो त्या बाजूला, शक्यतो उंचावर जा. शक्य असेल तर पळण्यापेक्षा भरभर चाला. मुलांना कडेवर घ्या.

रस्त्यावर टँकर उलटला तर बघायला जाऊ नका, चित्रण करायला जाऊ नका, आणि सांडलेले काही भरून आणायला तर मुळीच जाऊ नका. टँकरच्या मागे व बाजूला एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी क्रमांक लिहिलेला असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. लांबून दिसला तर तो क्रमांक ११२ वर सांगा. मदत करणाऱ्यांना त्या चार आकड्यांचा फार उपयोग होतो. गळती स्वयंपाकाच्या गॅसची असेल तर जवळपास गाडी सुरू करू नका, बटण दाबू नका, काडी ओढू नका.

अंगावर उडाले तर, आणि पर्द्याचा प्रश्न

रसायन अंगावर पडले किंवा कपड्यांत भरले, तर पहिला इलाज एकच. कपडे ताबडतोब उतरवा आणि भरपूर वाहत्या पाण्याने अंग धुवा, निदान पंधरा-वीस मिनिटे. कोरडी भुकटी असेल तर आधी झटकून टाका, मग पाणी घ्या. कपडा डोक्यावरून ओढून काढू नका, कात्रीने कापा, नाहीतर तेच रसायन तोंडावर आणि डोळ्यांत जाते. काढलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दूर ठेवा. डोळे चोळू नका, पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. तूप, दूध, हळद, लिंबू यांतले काहीही जखमेवर वा डोळ्यांत घालू नका. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. जे जाताना जाळत गेले ते येतानाही जाळेल.

इथे एक गोष्ट आम्हाला स्पष्ट लिहायची आहे, कारण दुसऱ्या मासिकांत ती कुणी लिहिणार नाही. आपल्या घरांतल्या बायका अशा वेळी कपडे उतरवायला तयार होत नाहीत. आजूबाजूला परके पुरुष, अंगावर बुरखा, त्याखाली कपडे, आणि सगळे भिजलेले. ती म्हणते, घरी जाऊन बदलते. त्या वेळात कातडी जळत राहते आणि कपड्यांतली वाफ श्वासातून आत जाते. बुरख्याचे कापड पातळ असो की जाड, रसायन शोषून घेतलेले कापड अंगाला लावून ठेवणे म्हणजे जखम उघडी ठेवून त्यावर मीठ चोळणे आहे.

जीव धोक्यात असताना मनाई शिथिल होते, हे आपल्या फिक्हच्या जाणकारांनी शतकांपूर्वी ठरवून ठेवले आहे. पण ते त्या क्षणी वाद घालून पटवता येत नाही. ते आधीच, निवांत वेळी घराघरांत बोलून ठेवावे लागते. सासूने सुनेला, आईने मुलीला सांगून ठेवावे की अशी वेळ आली तर कपड्यांचा विचार करू नकोस, बाकीचे आम्ही पाहू. आणि "बाकीचे पाहण्याची" तयारी मोहल्ल्याने करावी. मस्जिदीच्या वुजूखान्याजवळ किंवा मदरशाच्या न्हाणीत जाड पडदे, चार बादल्या, पाण्याची लांब नळी, दहा-बारा स्वच्छ चादरी आणि ढगळ मॅक्सी एका पेटीत ठेवून द्या. चार-पाच धीट बायका ठरवा, ज्या इतर बायकांना अंघोळ घालतील. मयतीला गुसल देणाऱ्या बायका प्रत्येक मोहल्ल्यात असतात. पडदा धरून, अब्रू सांभाळून दुसऱ्या बाईला पाणी कसे घालायचे हे त्यांना चांगले माहीत आहे. जिवंत बाईला वाचवण्यासाठी तोच हात कामी येऊ द्या. खर्च थोडा आहे, पण त्यामुळे पर्दाही राहील आणि जीवही.

श्वासातून वायू गेलेल्या माणसाला झोपवू नका, टेकून बसवा, चालवू नका. एक खास गोष्ट लक्षात ठेवा. क्लोरीन किंवा फॉस्जीन यांसारख्या वायूंचा परिणाम कधीकधी काही तासांनी दिसतो. माणूस आधी बरा वाटतो, जेवतो, झोपतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून "आता बरे आहे" यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवाच आणि रात्रभर कुणीतरी जागे राहा. दम्याचे रुग्ण, गरोदर बायका, तान्ही मुले आणि म्हातारी माणसे यांना आधी न्या. रसायनाचे नाव कळले असेल तर ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. भोपाळच्या डॉक्टरांकडे तेच नव्हते.

धोका घरातही असतो

कारखान्याची वाट कशाला पाहायची? रमजानच्या आधी, ईदच्या आधी आपण घर धुऊन काढतो. बाथरूमची फरशी पांढरी व्हावी म्हणून आधी अ‍ॅसिड ओततो आणि वरून ब्लीचिंग पावडर टाकतो. या दोहोंच्या मेळातून तोच क्लोरीन वायू तयार होतो, आणि छोट्या बंद न्हाणीत तो माणसाला बेशुद्ध करू शकतो. बकरी ईदनंतर अंगण धुताना ब्लीचिंग पावडर जरूर वापरा, पण तिच्यात दुसरे काहीही मिसळू नका. एका वेळी एकच औषध, दार-खिडकी उघडी आणि मुले बाहेर.

दुसरा धोका धान्यातल्या गोळ्यांचा. तांदूळ-गव्हाला कीड लागू नये म्हणून काही घरांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. कुणी त्या ढेकणांसाठी पलंगाखाली ठेवतो. ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन नावाचा अतिविषारी वायू निघतो. झोपायच्या खोलीत, माणसे राहतात अशा घरात त्या ठेवूच नका. शेजाऱ्याने ठेवल्या असतील तर त्यालाही समजावा, कारण वायू एकाच घरात राहत नाही.

तिसरा धोका संडासाच्या टाकीचा. झाकण उघडून कुणी आत उतरला आणि पडला, तर त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू जास्त असला की नाक बधिर होते आणि वास येणे बंद होते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून कुणी उतरू नये. अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा. पोराला टाकीत उतरवून पैसे वाचवण्याचा विचार तर करूच नका.

आखातातून आलेल्यांनी गावाला शिकवावे

आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतले पुरुष सौदीत जुबैलला, अमिरातीत रुवैसला, कतार-कुवेतच्या तेल आणि वायूच्या प्रकल्पांवर काम करतात. तिथे कामावर रुजू होताच त्यांना शिकवले जाते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी कुठे आहे, भोंगा वाजला की कुठे जमायचे, हजेरी कोण घेणार, छातीवरचे वायू ओळखणारे यंत्र वाजले की काय करायचे. पुष्कळांना हे पाठ असते. आणि त्यांच्याच गावी, औद्योगिक वसाहतीपासून दोन किलोमीटरवर, त्यांची बायको, अम्मी आणि मुले अशी कोणतीही माहिती नसताना झोपलेली असतात.

सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येक भावाला आमचे एक मागणे आहे. अत्तर आणि खजूर आणताच, यावेळी एक तास आणखी द्या. जुम्याच्या नमाजनंतर, किंवा संध्याकाळी मदरशात बायकांसाठी वेगळा वेळ ठेवून, तुम्ही तिथे काय शिकलात ते सांगा. शिकवणारा आपला असला की लोक ऐकतात. आणि घरात पुरुष नसताना ही सारी धावपळ बाईलाच करायची आहे, म्हणून ही माहिती आधी तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

मस्जिदीचा लाउडस्पीकर हा आपला सर्वांत जलद निरोप्या आहे. रात्री दोन वाजता संपूर्ण मोहल्ला एका मिनिटात जागा करणारे दुसरे साधन नाही. पण अफवेवर तो वाजला तर चेंगराचेंगरीत माणसे मरतील. म्हणून कमिटीने तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. एक, घोषणा कुणाच्या सांगण्यावरून होईल: पोलीस, अग्निशमन दल किंवा कारखान्याचा अधिकृत निरोप. दोन, घोषणा कोण करेल: इमामसाहेब, मुअज्जिन आणि त्यांच्या गैरहजेरीत आणखी एक जण. तीन, शब्द कोणते: "गॅस गळला आहे. घरातच थांबा. दारे-खिडक्या लावा. ओले फडके नाकाला लावा. पंखे बंद करा." हे पाच वाक्यांचे कागद मायक्रोफोनजवळ चिकटवून ठेवा. शेजारी मंदिर, बुद्धविहार असेल तर त्यांच्याशीही बोलून घ्या. वायू कुणाचे नाव विचारून घरात शिरत नाही. सगळ्या वस्तीला एकच निरोप एकाच वेळी गेला तर गोंधळ होणार नाही.

प्रत्येक गल्लीत एकट्या राहणाऱ्या दादी-खाला, अंथरुणाला खिळलेले, ऐकू न येणारे, यांची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे नाव लिहा. त्या रात्री त्याने फक्त एकच दार ठोकायचे आहे. सगळ्यांनी सगळ्यांची काळजी घ्यावी असे म्हटले की शेवटी कुणीच कुणाकडे जात नाही.

कायद्याने दिलेले मागा

भोपाळनंतर देशात कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात बदल होऊन, घातक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने धोक्याची आणि बचावाची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांनाही द्यावी असे ठरले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी कारखान्याच्या आतला आणि बाहेरचा असे दोन आपत्कालीन आराखडे बंधनकारक केले, आणि बाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून निदान एकदा घ्यायला सांगितली. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा गट आणि वसाहतीच्या पातळीवर स्थानिक गट नेमला. आपल्या गावाच्या नावाने असा आराखडा कागदावर असू शकतो, आणि तो गावाला कधी दाखवलाच गेला नसेल.

मग विचारायला जायचे कुणी? इथे घराघरातली अडचण आम्हाला माहीत आहे. अब्बा त्याच कारखान्यात, मुलगा तिथेच कंत्राटावर. प्रश्न विचारला तर नोकरी जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून प्रश्न एका माणसाच्या नावाने जाऊ नये. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा ठराव करा, बचत गटाचे पत्र द्या, जमातीच्या लेटरहेडवर लिहा, माहितीच्या अधिकारात निवृत्त शिक्षकाला अर्ज करू द्या. भाषा भांडणाची नको. प्रश्न चारच: आमच्या जवळ कोणती घातक रसायने आहेत? भोंग्याचा कोणता आवाज धोक्याचा आणि कोणता धोका टळल्याचा? आम्ही कुठे जमायचे? रंगीत तालीम कधी, आणि तिच्यात आम्हाला कधी बोलावणार? चांगला कारखाना याची उत्तरे आनंदाने देतो. जो देत नाही, त्याच्या शेजारी आपण झोपतो हे तरी कळेल.

या महिन्यात एवढे करा

घराच्या एका पिशवीत रुंद चिकटपट्टी, प्लास्टिकची चादर, विजेरी, पाण्याच्या बाटल्या, रोजची औषधे व इनहेलर आणि महत्त्वाच्या कागदांच्या प्रती ठेवा. पिशवी कुठे आहे हे मुलांनाही माहीत असू द्या. ११२, १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे चार क्रमांक दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहा. घरातली थांबायची खोली ठरवा आणि एकदा घड्याळ लावून पाहा, सगळी दारे-खिडक्या लावून सगळ्यांना आत यायला किती मिनिटे लागतात. पहिल्यांदा दहा लागतील, तिसऱ्यांदा चार.

वायू ओसरल्यावरही घाई करू नका. अधिकृत निरोप आल्यावरच दारे उघडा, पंखे लावा, थोडा वेळ बाहेर थांबा. विहिरी, गटारे, खोलगट जागा यांत वायू साचलेला असू शकतो. उघडे राहिलेले अन्न फेका, उघड्या विहिरीचे व हौदाचे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका.

तवक्कुल म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे, हे आपण मुलांना शिकवतो. दोर घट्ट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा. रसायनांच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी तो दोर म्हणजे ओले फडके, बंद खिडकी, पेटीतला पडदा आणि मायक्रोफोनजवळचा पाच वाक्यांचा कागद. आपल्या मोहल्ल्यात यातले काय झाले आणि काय अडले, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. जिथे अडले असेल तिथला प्रश्न पुढच्या अंकात आपण पुन्हा घेऊ.